हरतालिकेची दुपार आणि त्रेपन्न नावं

२०२५ची हरतालिका मंगळवारी आली, २६ ऑगस्टला. आम्ही पिट्सबर्गमध्ये राहत असलो तरी गणपती कोल्हापूरच्या दिनदर्शिकेप्रमाणेच बसवतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या मोदकांसाठी दुपारीच नारळ खवायला बसले होते. समोर सतरा वर्षांची लेक. तिच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि फ्रिजवर चुंबकानं अडकवलेला कागद. कागदावर तिच्या अंदाजाची ५३ नावं. दुपारी चार वाजायच्या आत इथल्या फुटबॉल संघाला, स्टीलर्सना, ९० खेळाडूंतले ५३ ठेवून बाकीच्यांना निरोप द्यायचा होता. बातमी येईल तशी ती एकेका नावापुढे खूण करत होती.

"आई, हा गेला."

"नारळ?"

"नारळ."

आमच्या घरात यासाठी हाच शब्द आहे. लेक इथंच जन्मली, तिचं मराठी स्वयंपाकघराएवढं. पण 'नारळ देणे' तिला पहिल्यांदा ऐकताच पटलं. नव्या कामाचा आरंभ नारळ फोडून, सत्कार श्रीफळ देऊन, सवाष्णीची ओटी नारळानं, आणि कामावरून काढलं तरी हातात नारळच. ज्याला घालवायचं त्यालाही रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, अशी काहीतरी रीत त्या शब्दाच्या पोटात असावी, असं मला वाटत आलं आहे.

मी कोल्हापूरची. माझ्या लहानपणी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, वडिलांचा हात, आणि पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा तालमींचा सामना. तिथला खेळाडू आधी पेठेचा, मग संघाचा. कुणी वाईट खेळला तर दुसऱ्या दिवशी चौकात त्याला चार शब्द ऐकावे लागत, पण तो कुठं जात नसे. तो तालमीच्या कट्ट्यावरच बसलेला दिसायचा. २००६मध्ये पिट्सबर्गला आले तेव्हा इथला फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा तो, मला अजिबात कळत नव्हता. सगळ्यात जास्त कळत नव्हतं ते हे, की मोसम सुरू व्हायच्या आधीच एवढ्या माणसांना घरी कसं पाठवतात.

हिशेब करून बघा. इथल्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, ३२ संघ. उन्हाळी शिबिरात प्रत्येकाकडे जास्तीत जास्त ९० खेळाडू. मोसमाला उरायचे ५३. म्हणजे एका संघातून ३७ जण, आणि सगळ्या संघांचे मिळून कागदावर ११८४. जखमी यादीत जाणारे वगैरे वजा केले तरी हजाराच्या आसपास माणसं एका दिवसात बेकार होतात. त्यातले बरेच अगदी तरुण.

हे सगळं मला शिकवलं शेजारच्या आजोबांनी. लेक त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणायची, म्हणून आम्हीही. पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९८६मध्ये तो कारखाना बंद झाला. आता तिथं दुकानं आहेत, मोठं वाहनतळ आहे आणि एका रांगेत उभी बारा धुराडी आहेत, ज्यांतून धूर निघत नाही. आम्ही तिकडं खरेदीला जातो. आजोबा कधी गेले नाहीत.

त्यांच्याकडे एक जाड वही होती. दरवर्षी शिबिर सुरू झालं की ते पेन्सिलीनं यादी करायला घ्यायचे. कोण राहणार, कोण जाणार. मला आधी वाटलं, हा आकड्यांचा नाद असेल, लॉटरीसारखा. पण त्यांची पद्धत फार शिस्तीची होती. ते म्हणायचे, पंचेचाळीसेक नावं कुणीही लिहील. तारे लिहा, ताज्या निवडीत, म्हणजे दरवर्षी संघ फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातली पोरं निवडतात त्यात, पहिल्या तीन फेऱ्यांत घेतलेली लिहा, मोठे करार असलेले लिहा, झालं. यादी करणाऱ्याचा कस लागतो तो शेवटच्या सात-आठ जागांवर.

आणि तिथं काय काय बघावं लागतं! आधी जागा मोजायच्या. लाथ मारून गोल करणारा एक, पंट मारणारा, म्हणजे चेंडू लाथेनं लांब समोरच्या संघाकडे धाडणारा, एक, त्या दोघांना पायांमधून मागं चेंडू फेकून देणारा एक, हे तिघे ठरलेले. उरले पन्नास, साधारण अर्धे चढाईचे, अर्धे बचावाचे. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून चढाई चालवणारे, दोन ठेवले की तीन, इथंच एका माणसाचं भवितव्य फिरतं. तिसरा ठेवला तर सहावा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, गेला. मग बघायचं की हा सहावा रिसीव्हर किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथेनं मारून खेळ सुरू करण्याच्या, वेळी जीव खाऊन धावतो का, समोरच्याला आडवा पाडतो का. कारण ५३ जणांतले सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जण मैदानाचे कपडे घालतात आणि राखीव खेळाडूनं त्या धावपळीच्या कामात उपयोगी पडायचं असतं. झेल कितीही सुंदर घेतले तरी ते काम न येणारा पाचवा-सहावा रिसीव्हर टिकत नाही. शिबिराला जाणारी माणसं झेलांचे व्हिडिओ काढत असत. आजोबांची नजर किकऑफच्या सरावावर असायची.

दुसरं गणित पैशाचं, आणि ते मला जास्त जमलं, कारण माझा पेशाच हिशेबाचा. संघानं एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च करायचा याला मर्यादा असते. २०२५मध्ये ती होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. करारावर सही करताना दिलेली मोठी रक्कम संघ हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून दाखवू शकतो. पण खेळाडूला मध्येच सोडलं, तर दाखवायची राहिलेली रक्कम एकदम अंगावर येते. माणूस गेलेला, खर्च मात्र जिवंत. इथं त्याला 'मेलेले पैसे' म्हणतात. म्हणून कुणाला काढतील हे ओळखायचं तर त्याचा खेळ बघण्याआधी दोन आकडे शेजारी मांडायचे: काढलं तर किती वाचतात, किती मरतात. हे एकदा कळलं की अनेक निर्णय, जे लोकांना भावनेचे वाटतात, ते आधीच दिसायला लागतात.

पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचं उदाहरण घ्या. इंडियानापोलिसच्या संघानं त्याला ७ मार्च २०१२ रोजी सोडलं. त्या शहराला फुटबॉलचं वेड त्यानं लावलं होतं. पण मानेच्या शस्त्रक्रियांमुळे आधीचा अख्खा मोसम तो बाहेर होता, संघ १६पैकी १४ सामने हरला होता, त्या हारीमुळे निवडीत पहिला नंबर मिळाला होता आणि समोर अँड्र्यू लक नावाचा तरुण क्वार्टरबॅक होता. आणि मॅनिंगला आणखी ठेवलं तर लगेच २ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे होते. निरोपाच्या पत्रकार परिषदेत त्याचा गळा दाटला, तो व्हिडिओ मी अजूनही पूर्ण बघू शकत नाही. तो डेन्व्हरला गेला, २०१३च्या मोसमात ५५ टचडाऊन पास, म्हणजे गोलरेषेपार जाऊन गुण मिळवून देणारे पास, टाकले आणि फेब्रुवारी २०१६मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून निवृत्त झाला. लकनं २०१९च्या ऑगस्टमध्ये, ऐन तिशीच्या आत, दुखापतींना कंटाळून खेळ सोडला.

पण मॅनिंग हा मॅनिंग होता. त्याला दुसरा संघ मिळणारच होता. आजोबांच्या वहीतली माणसं वेगळी. त्यांच्यासाठी संघाचा एक कर्मचारी सकाळी खोलीवर येतो आणि सांगतो, कोचनं बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये. त्या कर्मचाऱ्याला खेळाडूंच्या बोलीत 'टर्क' म्हणतात. प्लेबुक म्हणजे डावपेचांची वही. ती परत मागितली की पुढचं सांगावं लागत नाही.

चार मोसम पुरे न झालेल्या पोरांना सोडलं की ती थेट मोकळी होत नाहीत. चोवीस तास त्यांची नावं बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवली जातात. कुणी मागून घेतलं तर तिकडं जायचं. कुणीच मागितलं नाही, तर मग आपलाच संघ सरावाच्या तुकडीसाठी बोलावू शकतो. त्या तुकडीत १६ जागा असतात, त्यातून परदेशी खेळाडूसाठी एखादी जास्तीची. फरक पैशात सांगते. २०२४मध्ये ५३मध्ये राहिलेल्या नवख्याला वर्षाला कमीत कमी ७ लाख ९५ हजार डॉलर होते, सरावाच्या तुकडीतल्याला आठवड्याला साडेबारा हजार. म्हणजे अठरा आठवडे टिकला तर सव्वादोन लाख. आणि तो कुठल्याही आठवड्यात घरी जाऊ शकतो.

आजोबांचा वहीसाठी एक नियम होता. ज्याचं नाव खोडायचं, त्याच्यापुढे कारण लिहायचं. पण कारण त्या माणसाबद्दल असता कामा नये. 'हळू धावतो', 'झेल सोडतो' असलं चालणार नाही. त्याच्या जागी कोण राहिलं, ते लिहायचं. मला हे आडमुठेपणाचं वाटायचं. काही पोरं खरोखरच कमी पडतात, मी म्हणायचे. ते म्हणायचे, शिबिरापर्यंत पोचलेला एकही माणूस वाईट खेळाडू नसतो. जागा नव्वद असत्या तर तो राहिला असता. म्हणजे तो कुणासाठी तरी गेला. कुणासाठी, ते लिही.

याचं त्यांचं लाडकं उदाहरण या शहरातलंच होतं. जॉनी युनायटस, पिट्सबर्गचाच मुलगा. १९५५मध्ये स्टीलर्सनी त्याला नवव्या फेरीत घेतलं. शिबिरात चार क्वार्टरबॅक होते: जिम फिंक्स, टेड मार्चिब्रोडा, विक ईटन आणि हा. कोच वॉल्ट कीझलिंगनं सरावाच्या सामन्यांत त्याला एकदाही खेळवलं नाही आणि मोसमाआधी काढून टाकलं. ईटन राहिला. तो इतर जागांवरही खेळू शकायचा, लहान संघात अशा माणसाला मोल असतं. युनायटस दिसेल त्या गाडीला हात दाखवत घरी आला, बांधकामावर लागला आणि ब्लूमफील्ड या इथल्याच वस्तीच्या संघाकडून सामन्याला ६ डॉलर घेऊन खेळला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरनं त्याला बोलावलं. २८ डिसेंबर १९५८ला न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जादा वेळेत २३-१७ असा जो अंतिम सामना त्यानं जिंकून दिला, तिथून या खेळाला देशभर माणसं मिळाली. सलग ४७ सामन्यांत टचडाऊन पास टाकण्याचा त्याचा विक्रम २०१२पर्यंत टिकला.

वहीच्या पहिल्या पानावर आजोबांनी त्याचं नाव लिहून खोडलं होतं, आणि पुढे लिहिलं होतं: ईटन.

हा नियम मला नीट कळला तो माझ्यावर पाळी आल्यावर. २०१८च्या जानेवारीत एका सोमवारी मला एका खोलीत बोलावलं. निरोपात लिहिलं होतं, येताना लॅपटॉप घेऊन या. मी उठले, आणि मला त्या कोचच्या बोलावण्याची आठवण झाली. प्लेबुक परत मागितलंय हे मला जिना चढतानाच कळलं. मी जिथं नऊ वर्षं काम केलं, तिथून दहा मिनिटांत बाहेर आले. हातात नारळसुद्धा नव्हता.

मला ६० दिवसांची मुदत होती. व्हिसाचा तो नियम आहे, तेवढ्यात नवी नोकरी धरली नाही तर देश सोडायचा. नवऱ्याचा व्हिसा माझ्यावर अवलंबून, लेकीची शाळा चालू. त्या दिवसांत मी रात्री उठून स्वतःविरुद्ध यादी करायचे. त्या बैठकीत मी गप्प बसले. तो अहवाल मी उशिरा दिला. मला बोलताना अजून शब्द शोधावा लागतो. असं पानभर.

आजोबांनी एक दिवस सूप आणून दिलं आणि विचारलं, कारण काय? मी ती पानभर यादी सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "हे सगळं तुझ्याबद्दल आहे. असलं आपण लिहीत नाही. तुझ्या जागी कोण राहिलं ते सांग."

मला सांगता येईना. मी तो विचारच केला नव्हता. मग बसून मांडलं. आमच्या गटातली पाचपैकी तीन कामं दुसऱ्या शहरातल्या गटाकडे गेली होती. तिथं तेच काम कमी खर्चात व्हायचं. तिघांत मी सगळ्यात महाग होते. काढलं तर किती वाचतात, किती मरतात. हा हिशेब मी बारा वर्षं दर ऑगस्टला परक्या पोरांचा करत आले होते, आणि स्वतःचा मला दिसला नव्हता. त्यानं दुःख कमी झालं नाही. पण रात्री उठणं थांबलं. सातव्या आठवड्यात दुसरी नोकरी मिळाली. तिथली माझी जागा रिकामी का झाली होती, तेही मी आवर्जून विचारून घेतलं. एक बाई आईच्या आजारपणासाठी गावी परतल्या होत्या.

जसं जाणं दुसऱ्याच्या नावावर असतं, तसं येणंही. याबद्दल मला सुपर बोलमधला एक क्षण सांगायलाच हवा. १ फेब्रुवारी २००९, टँपा. आम्ही आजोबांच्या घरी बघत होतो, लेक वर्षाचीही नव्हती. स्टीलर्स १०-७नं पुढे, मध्यंतराला अठरा सेकंद, ॲरिझोनाचा संघ गोलरेषेपासून एका यार्डावर. त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर. त्यानं पास टाकला आणि मध्येच जेम्स हॅरिसननं तो पकडला. मग तो अवाढव्य माणूस शंभर यार्ड धावला, सगळं मैदान, आणि पलीकडच्या गोलरेषेत कोसळला. दम लागून तो तिथंच पडून राहिला. सामना शेवटी २७-२३ असा आपण जिंकलो.

घरात सगळे नाचत होते. आजोबा मात्र वही काढून बसले. त्यांनी दोन पानं दाखवली. हॅरिसनला कुणीच निवडीत घेतलं नव्हतं. स्टीलर्सनीच त्याला एकाहून जास्त वेळा सोडलं होतं, बाल्टिमोरनंही सोडलं होतं. २००४च्या उन्हाळ्यात क्लार्क हॅगन्सच्या हाताला वजनं उचलताना इजा झाली आणि एक जागा मोकळी झाली म्हणून त्याला परत बोलावलं. २००८चा तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू. आणि वॉर्नर? १९९४मध्ये ग्रीन बेच्या शिबिरात त्याच्यापुढे फार्व्ह, ब्रुनेल आणि डेटमर हे तीन क्वार्टरबॅक होते. तो गेला. आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावत राहिला, बंदिस्त मैदानातला फुटबॉल खेळला, ॲम्स्टरडॅमला खेळून आला. १९९९मध्ये सेंट लुईसच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा मोडला, तेव्हा त्याला जागा मिळाली, आणि त्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या शंभर यार्डांच्या धावेत पास टाकणारा आणि पकडणारा, दोघेही कधीतरी आपली वही परत करून आलेले होते.

हॅरिसनला पुढे स्टीलर्सनी २०१३च्या मार्चमध्ये पगारावरून सोडलं, परत घेतलं, आणि २०१७च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सोडलं. आजोबांनी तिन्ही वेळा पान लिहिलं. शेवटचं पान त्यांचं अक्षर थरथरतं झाल्यानंतरचं आहे.

लेक अकरा वर्षांची झाली, तेव्हा २०१९मध्ये मी तिला पहिल्यांदा लॅट्रोबला नेलं. पिट्सबर्गहून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर सेंट व्हिन्सेंट कॉलेज आहे. १९६६पासून स्टीलर्सचं शिबिर तिथं भरतं. खेळाडू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहतात, टेकडीच्या उतारावर बसून लोक सराव बघतात. सराव संपला की दोरीपलीकडून सह्या मिळतात. सगळी मुलं ताऱ्यांकडे धावली. लेक उभी होती तिथं एकही मूल नव्हतं, आणि मैदानावरून शेवटी बाहेर पडणारी पोरं एकेक करून तिच्याकडे येत होती. तिच्या हातातला, स्टीलर्सचे चाहते फिरवतात तो पिवळा टॉवेल बघून एकानं विचारलं, खरंच माझी सही हवी? ती हो म्हणाली. त्यानं हात शर्टाला पुसला आणि अगदी सावकाश, शाळेतल्यासारखी सही केली.

त्या टॉवेलवर अकरा सह्या आहेत. यादी लागली तेव्हा त्यातले दोघे ५३मध्ये होते. आजोबांनी उरलेल्या नऊ जणांची कारणं तिच्याकडून वहीत लिहून घेतली. आता आजोबा नाहीत. वही त्यांच्या मुलीनं आमच्याकडे आणून दिली.

२६ ऑगस्टचे चार वाजून गेले. लेकीची ४८ नावं बरोबर आली, पाच चुकली. मी हात धुतले. ती वही घेऊन त्या पाच ओळींवर बसली, एका नावापाशी बराच वेळ. त्या मुलाला तिनं या उन्हाळ्यात लॅट्रोबला पाहिलं होतं. किकऑफच्या सरावात प्रत्येक वेळी तो सगळ्यात आधी पोचायचा, म्हणून तिनं त्याला आत धरलं होतं. तिला त्याच्या जागी राहिलेला माणूस सापडेना. शेवटी सापडला, एक बारकी कुजबुजल्यासारखी नोंद तिनं केली, आणि वही मिटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता सोडलेल्या खेळाडूंवर दावे करायची मुदत संपत होती. आमची आरती साडेबाराला. 'घालीन लोटांगण' चालू असताना तिचा फोन ओट्यावर थरथरला. तिनं बघितला नाही, आरती पुरी केली, निरांजनावर हात फिरवून डोळ्यांना लावले आणि मग गेली.

"आई, कुणीच मागितला नाही त्याला," ती म्हणाली. मग आणखी थोडं वाचून, "आपल्याकडेच येतोय. सरावाच्या तुकडीत."

मी फोडलेल्या नारळाचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला.